पावडरच्या डब्यातल्या सुया

आईला मधुमेह आहे हे आमच्या घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं. घरातही त्या शब्दाला बंदी होती. "माजं त्ये" एवढंच ती म्हणायची. आम्ही दोघी बहिणी, आणि आमच्याकडं मुलगी बघायला येणारी माणसं पत्रिका एकदा बघतात आणि आईबापाची दुखणी चारदा विचारतात. माझं लग्न ठरायच्या आधी तिला इन्सुलिन सुरू झालं आणि तेव्हापासून लपवाछपवीही. इन्सुलिनच्या पेनावरचं लेबल ती नखानं खरवडून काढायची. पेन चष्म्याच्या घरात आणि सुया टाल्कम पावडरच्या रिकाम्या डब्यात. वैरागला माहेरी लग्नकार्याला गेली, तरी पंगत बसायच्या आधी पावडरचा डबा घेऊन न्हाणीघरात जाऊन यायची. बायका चिडवायच्या, "जेवायला बसायचं तरी पावडर लागती हिला, लई नटवी." आई हसण्यावारी न्यायची.

मला मात्र या प्रकाराचा संताप यायचा. दुखणं तिचं, टोचून घ्यायचं तिनं, आणि वर तोंड लपवायचं तेही तिनंच? पण धाकटीचं लग्न बाकी होतं. त्यामुळं मीही गप्प होते.

यंदा धाकटीचं जमलं. माणसं नातेपुत्याची, मुलगा मुंबईत नोकरीला. बोलणी झाली होती, सुपारी तेवढी फुटायची होती. मुलानं घेतलेलं घर दोघांच्या आयांनी एकदा बघून यावं असं ठरलं, आणि आता सोलापुरातनंच विमान सुटतंय म्हटल्यावर विमानानंच जायचा घाट मी घातला. मुलाची आई आदल्या दिवशी आमच्याकडं मुक्कामाला आली.

हातातली बॅग भरायचं काम मी माझ्याकडं घेतलं. पारदर्शक पाऊचमध्ये टूथपेस्टची लहान ट्यूब, शाम्पूच्या पुड्या, बोटभर बाटलीत खोबरेल. आईला बजावून सांगितलं, तुझी औषधं त्यांच्या खोक्यातच राहू दे, लेबलं काढू नकोस, तपासणीत विचारतात. ती "व्हय, व्हय" म्हणाली. पण पाहुणी घरात म्हटल्यावर तिचा हात राहतोय थोडाच? खोकी बारीक फाडून कचऱ्यात गेली, पेनं चष्म्याच्या घरात गेली आणि सुया पावडरच्या डब्यात. मला याचा पत्ता विमानतळावर लागला.

तिथं आधी अडकल्या त्या पाहुण्या. त्यांच्या पिशवीत तेलाची भलीमोठी बाटली निघाली. "अवो, डोक्याला लावायचं त्याल हाय, बॉम्ब न्हाय," असा त्यांचा वाद चालू होता, तेवढ्यात आमची बॅग बाजूला काढली गेली. तपासणीवरच्या मुलीनं पावडरचा डबा उघडला, सुया बघितल्या, मग चष्म्याचं घर उघडलं.

"हे कुणाचं आहे?"

"माझं," मी पटकन बोलून गेले. "माझी औषधं आहेत."

"लेबल का नाहीये? डॉक्टरांची चिठ्ठी आहे?"

चिठ्ठीचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता. तिनं तो बघितला, मग माझ्याकडं बघितलं. "यात वय साठीच्या पुढचं आहे."

माझी अजून चाळिशीही यायची आहे. त्या गडबडीतही मला तिचा राग आला, की एवढं बारीक कशाला बघायचं! पण चूक माझी होती आणि ती तिचं काम करत होती. "कुणाचं आहे ते नक्की सांगा. नाहीतर हे आत सोडता येणार नाही," ती शांतपणे म्हणाली.

पाहुण्यांचा तेलाचा वाद थांबला होता. त्या कान देऊन ऐकत होत्या.

मी आईकडं बघितलं. ती गप्प बसणार, याची मला खात्री होती. मागं एका लग्नात न्हाणीघर मोकळं मिळालं नाही म्हणून ही बाई दोन दिवस टोचून न घेता राहिली होती आणि तिथनं थेट दवाखान्यात सलाइनवर गेली होती. मुलींच्या सोयरिकीपुढं तिला स्वतःचा जीव कधी मोठा वाटलाच नाही.

आईनं पाहुण्यांकडं एकदा बघितलं आणि पदर सारखा केला.

"माजं हाय त्ये," ती म्हणाली. "मला साखरेचा आजार हाय. रोज टोचून घेती मी. माजी मीच."

आवाज केवढा, तर मागची रांग वळून बघायला लागली. एका नव्या पेनावरचं लेबल अर्धंच निघालं होतं. त्यावरचं औषधाचं नाव चिठ्ठीशी जुळलं, मुलीनं वरिष्ठांना दाखवलं आणि आम्हाला सोडलं.

आतल्या हॉलमध्ये पाहुण्या आमच्यापासून एक खुर्ची सोडून बसल्या. धाकटीला काय सांगायचं, याची जुळवाजुळव मी मनात सुरूही केली. शेवटी त्या म्हणाल्या, "ह्ये आमाला आदी का न्हाय सांगितलं?"

"सांगितलं असतं तर आला असता का दारात?" आई म्हणाली. "पर आता आयकलंय की तुमी. दुकनं माजं हाय, पोरीचं न्हाय. उद्या तिला झालं तर तीबी माज्यासारकी उबी ऱ्हाईल. तुमाला विहीणबाई म्हनायचं का नुसतं ताई, त्ये तुमी ठरवा. मी हितनं घरी जायालाबी तयार हाय."

हीच ती बाई, जी पंगतीत नटवी म्हणवून घ्यायची! मला रडू आलं आणि ते दुःखाचं नव्हतं. अख्ख्या हॉलला ओरडून सांगावं, ही माझी आई आहे, असं वाटत होतं.

न्याहरीची वेळ झाली होती. आईनं चष्म्याचं घर उघडलं, पेनाला सुई लावली आणि सवयीनं उठायला लागली. तशा पाहुण्या उठल्या. त्या आता लांब जाऊन बसणार, असं मी धरून चालले. पण त्या आईच्या समोर येऊन उभ्या राहिल्या आणि दोन्ही हातांनी पदर आडवा धरला.

"कशाला जाताय कुटं? घ्या हितंच, विहीणबाई. मी उबी हाय."

आई त्या पदराकडं बघत राहिली. मग तिनं तो हातानं अलगद खाली केला.

"बसा तुमी. आता आडोसा नगं."

विहीणबाई तिच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. आईनं सगळ्या हॉलदेखत पोटात सुई टोचली, औषध आत जाईपर्यंत थांबली आणि मला म्हणाली, "काड डबा. भाकरी दे आमा दोगींना."