सवतीच्या काचेसाठी हुपरीला

सवतीसाठी काच आणायला नवऱ्यासोबत निघालेली मी बहुधा पहिलीच बायको. ही सवत म्हणजे यांची जुनी, दोन दारांची, वेगासाठी नावाजलेली जपानी गाडी. नारळ पडून तिची मागची तिकोनी काच फुटली आणि पुण्यात अस्सल काच कुठेच मिळेना. नकली मिळत होती, पण तिचा बाक जुळत नव्हता. शेवटी हुपरीच्या जिनगोंडा अण्णांकडे अशीच एक जुनी गाडी पडून असल्याचं यांना कळलं. निघताना हे हळूच म्हणाले, "तिथंही नाही जमलं, तर गाडी भंगारात देऊ." वीस वर्षं मी तेच सांगत आले होते. पण त्यांच्या तोंडून ऐकलं आणि मीच घाईने गाडीत जाऊन बसले.

खिडकीला चिकटवलेलं प्लॅस्टिक साताऱ्यापासून फडफडत होतं. कोल्हापूर आलं तरी यांनी तांबड्या-पांढऱ्या रश्शाचं नाव काढलं नाही, तेव्हाच प्रकरण गंभीर आहे हे मी ओळखलं. न थांबता हुपरी गाठली.

जिनगोंडा अण्णांचं घर म्हणजे चांदीचा कारखानाच. पडवीत त्यांच्या पत्नी पैंजणाच्या कड्या जोडत बसल्या होत्या. अण्णा तरुणपणी शर्यतीत उतरायचे. तेव्हाची त्यांची गाडी, अगदी आमच्यासारखीच, आता गोठ्यात उभी होती. इंजिन कधीच विकलेलं, काच मात्र शाबूत. कोपऱ्यातला कंपनीचा शिक्का यांनी बोटाने पुन्हा पुन्हा पुसून पाहिला.

पण काचेभोवतीचं रबर वाळून कडक झालं होतं. यांनी स्क्रूड्रायव्हर घातला आणि काच करकरली.

"थांबा की पावणं," म्हणत अण्णांनी रबराला तेल चोळलं आणि गरम पाण्यात पिळलेली फडकी त्यावर दाबून ठेवली. हे पुन्हा पुढे सरसावले, तर अण्णांनी स्क्रूड्रायव्हर स्वतःच्या खिशात टाकला. "आदी जेवायचं. दिस बुडाल्यावर आमच्या जैनात जेवत न्हाईत."

"एवढं झालं की आलोच," हे म्हणाले.

"काच कुटं पळून जात न्हाय. दिस चाललाय."

भाकरी, मुगाची उसळ, शेंगदाण्याची चटणी, घट्ट दही. कांदा-लसूण नसूनही मी बोटं चाटली. "घ्या की अक्का (ताई), लाजू नगासा," म्हणत वहिनी वाढत होत्या. यांचं मात्र सगळं लक्ष गोठ्याकडे.

जेवून परतलो, तोवर रबर मऊ पडलं होतं. अण्णांनी आतून तळव्याने दाबलं आणि काच अलगद यांच्या हातात आली. उपाशी घाई केली असती, तर तुकडे वेचत बसलो असतो. मला इतकं हायसं वाटलं की डोळे भरून आले. वहिनींनी विचारलं, तेव्हा मी सरळ सांगितलं, यांची गाडी वाचली म्हणून.

अण्णांनी काच वाकळेत (गोधडीत) गुंडाळून दिली. "बसवली की एकदा गाडी घिऊन या. ह्या फडफडीबिगर नुसता तिचा आवाज ऐकायचा हाय," म्हणाले.

डिकीत ठेवायला यांचं मन होईना, म्हणून काच माझ्या मांडीवर आली. हायवेला लागलो आणि कितीतरी दिवसांनी हे बोलायला लागले. नवं रबर कुठून आणायचं, रंग कधी द्यायचा, अण्णांकडे परत कधी जायचं. प्लॅस्टिकच्या फडफडीवर आवाज चढवून बोलत होते. साताऱ्याआधीच माझे पाय बधिर झाले, तरी मी हलले नाही. वीस वर्षं जिला नावं ठेवली, तिच्यासाठी प्रत्येक खड्ड्याला मीच यांच्यावर ओरडत होते, "हळू चालवा, तिला लागेल."