बायकांची खिडकी

पनवेलच्या त्या जुन्या टॉकीजला तिकिटाच्या तीन खिडक्या होत्या. दोन पुरुषांच्या, रस्त्याकडे तोंड करून. तिसरी आत, बाल्कनीच्या जिन्याखाली, बायकांची. त्या तिसऱ्या खिडकीमागे मी जवळजवळ तीन वर्षं बसले. माझी पदवी कॉलेजइतकीच त्या जिन्याखालच्या खोलीचीही आहे, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

त्या खिडकीत बाईच बसणार, हा तिथला पक्का नियम. खिडकी म्हणजे जाळीखालचं हाताएवढं भोक. पैसे द्यायला मनगटापर्यंत हात आत घालावा लागे. फार पूर्वी आत बसलेल्या कुणी पुरुषाने एकीचा हात धरून ठेवला होता आणि मग टॉकीजसमोर चपला निघाल्या होत्या. तेव्हापासून आत बाई नसेल तर खिडकी बंद, आणि खिडकी बंद असेल तर बायका आल्या पावली परत.

मला हे काम मिळालं ते बाबांमुळे. बाबा गवंडी. आपट्याहून येऊन ते टॉकीजच्या जिन्याला गिलावा करत होते, तेव्हा मॅनेजरांनी शिकलेली मुलगी बघा म्हणून त्यांनाच विचारलं.

"माझीच पोरगी हाय बारावी झालेली," बाबा म्हणाले. "पन टॉकीजमधी नाय बसवनार."

"खोलीला आतून कडी आहे हो. तिने उघडल्याशिवाय मीसुद्धा आत जाणार नाही."

बाबांनी जाऊन कडी हलवून पाहिली. त्यांना ती सैल वाटली. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः नवी, जाड कडी आणून बसवली आणि मग घरी येऊन मला सांगितलं की सोमवारपासून जायचंय.

सकाळी कॉलेज, अकराला खिडकी. बाराचा शो सुरू झाला की दोन वाजेपर्यंत चिटपाखरूही फिरकत नसे. घरी आम्ही सहा जण दोन खोल्यांत होतो. एकटीने दार लावून बसायला मिळणं काय असतं, हे मला त्या खोलीत कळलं. भिंतीपलीकडे पडद्यावर मारामारी चालू असायची आणि मी इतिहासाच्या नोट्स काढत असायचे. वर्षभरात मी एकही सिनेमा सलग पाहिला नाही, पण संवाद मात्र सगळे पाठ होते.

शेवटच्या वर्षाची परीक्षा जवळ आली. पेपर अकरा ते दोन, म्हणजे नेमका खिडकीचा वेळ. मी मॅनेजरांना सांगितलं.

"किती पेपर?"

"सहा."

"सहा दिवस खिडकी बंद ठेवू? बघतो."

त्या 'बघतो'वर मी पंधरा दिवस काढले. त्यांनी दुसरी मुलगी आणली असती तर ती सहा दिवसांसाठी थोडीच आली असती? आणि पावसाळ्यात बाबांचं काम बंद पडलं की घर माझ्याच पगारावर चालत होतं. नोकरी सोडून परीक्षा देणं शक्य नव्हतं. परीक्षा सोडली असती तर घरच्यांनी आणखी एक वर्ष वाट पाहिली नसती. स्थळं यायला लागलीच होती.

अशा वेळी माझ्या हातून ती चूक झाली.

टॉकीजमध्ये प्रत्येक शोचा एक छापील कागद असे. त्याला प्लॅन म्हणायचं. त्यावर खुर्च्यांचे चौकोन. खुर्ची विकली की तिकिटावर हाताने नंबर लिहायचा आणि प्लॅनवरच्या चौकोनावर लाल पेन्सिलीने काट मारायची. प्लॅनजवळ दुसरा कागद ठेवायचा नाही, हे मॅनेजरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्या शनिवारी माझ्यापुढे रविवारच्या तीनचा आणि सहाचा असे दोन प्लॅन होते, आणि त्यांच्यामध्ये माझ्या नोट्स. एका बाईला मी तीनच्या शोची, बाल्कनीतल्या सी रांगेची चौदा तिकिटं लिहून दिली आणि काट मारली सहाच्या प्लॅनवर. तासाभराने दुसरी आली. तीनच्या प्लॅनवर सी रांग कोरी दिसत होती. तीच चौदा तिकिटं मी तिलाही दिली.

रविवारी तीन वाजता बाल्कनीतून आरडाओरडा ऐकू आला आणि डोअरकीपर चाचा जिना उतरून खिडकीशी आले. चाचा उरणचे, पांढरी दाढी, हातात कायम टॉर्च.

"बेटा, सी रांग दोन वेळा फाडलीस काय? वर दोन वराती आल्यात, नवरी एकच आहे."

मी वर धावले. एक घोळका उरणकडच्या मुसलमान बायकांचा. घरात लग्न ठरलं म्हणून टेम्पो करून आलेल्या. दुसरा नवीन कॉलनीतल्या बायकांचा, पर्सबिर्स घेऊन, एकसारखा मोगरा माळलेला.

"आम्ही आधी बसलोय," कॉलनीतली एक म्हणत होती.

"बसलात म्हणून काय खुर्ची माहेरून आणली?" उरणकडची एक तरुणी म्हणाली.

"भाषा सांभाळून बोला हं!"

सगळ्यांच्या हातात माझ्याच अक्षरातली तिकिटं होती. मी मधे उभी राहून म्हणाले, "चूक माझी आहे."

तेवढ्यात उरणच्या घोळक्यातली सगळ्यात म्हातारी बाई पुढे आली. तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "ही पोरगी रडंल आता. अगो, तुमच्यात पोरं किती? पाच? आमच्यात चार. घ्या मांडीवर. बाळपणी सगळी मांडीवरच बसलीत ना?" मग चाचांकडे वळून, "आणि मियाँ, ती मागची रांग कुणासाठी राखून ठेवलीय?"

ती रांग पाहुण्यांची. मालकांचे नातेवाईक, तपासणीला येणारे अधिकारी यांच्यासाठी रोज रिकामी ठेवायची. चाचांनी मॅनेजरांना न विचारता तिची दोरी सोडली. शो सुरू होऊन दिवे मालवले, तेव्हा सगळ्या बसलेल्या होत्या.

शो चालू असतानाच मॅनेजरांनी मला बोलावलं. ऑफिसात झाडणाऱ्या मावशी कोपऱ्यात फरशी पुसायचं पोतं पिळत होत्या.

"प्लॅनपाशी काय होतं?"

"वही."

"मी काय सांगितलं होतं?"

परवा मंगळवारी पहिला पेपर होता. आता ते रजेलाही नाही म्हणतील आणि नोकरीलाही, अशी मी मनाची तयारी केली.

"सायेब," मावशी पोतं न सोडता बोलल्या, "हिला परीक्षेला जाऊ द्या. खिडकीत मी बसते."

मॅनेजर हसले. "मावशी, तुम्हाला आकडा वाचता येत नाही."

"नाय येत. पन सोळा वर्सं झाडते मी. कुठल्या खुर्चीचा खिळा वर आलाय, कुठली गादी फाटलीय, कुठं खांब आडवा येतो, त्ये तुमाला तरी म्हाईत हाय का? हिनं आदल्या दिशी सगळ्या तिकिटांवर नंबर घालून गठ्ठा लावून ठेवायचा. मी वरून एकेक काढून देनार. एक तिकीट दोनदा फाटंल कसं?"

मॅनेजरांनी पेपरवेटखालचा तिकिटांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. मग मला म्हणाले, "सगळे नंबर शाईने लिहायचे. पेन्सिलीने नाही. आणि खिळ्यावाली खुर्ची कुठली ते मावशींना विचारून घे, ती विकू नकोस."

पुढचे सहा पेपर मी असेच दिले. आदल्या संध्याकाळी मी आणि मावशी जिन्याखाली बसायचो. मी नंबर लिहायचे, त्या सांगायच्या: "डीमधली खांबामागची लिवू नको. तिथं म्हाताऱ्या बसल्या की मान दुखती." जवळजवळ तीन वर्षं मी खांबामागची ती खुर्ची बिनदिक्कत विकत आले होते.

इतिहासाचा शेवटचा पेपर देऊन मी आले तेव्हा अडीच वाजले होते. बायकांची रांग जिन्यापासून दारापर्यंत पोचली होती. मी दार वाजवलं. मावशींनी आतली कडी काढली, पण खुर्चीवरून उठल्या नाहीत. केसांना तेल, कपाळावर ताजं कुंकू, पदर नीट खोचलेला.

"उठा ना मावशी, आता बसते मी."

"गप. माझी रांग हाय ही." भोकातून आलेल्या हातावर त्यांनी वरचं तिकीट ठेवलं आणि बोटं मिटवून दिली. "तू त्या स्टुलावर बस, पानी पी. आन् पयल्या प्रश्नापासून सांग, काय काय लिवलंस."

मी स्टुलावर बसले आणि सांगायला लागले. रांग हलत होती, मावशी तिकिटं देत होत्या आणि मधेच मला थांबवून विचारत होत्या, "मंग? मंग त्या राज्याचं काय झालं?"