सुदामचा आकडा

पुण्याच्या स्टँडवर नगरची गाडी लागली तेव्हाच माझं डोकं फिरलेलं होतं. लोक एप्रिलात रजा काढून महाबळेश्वरला जातात, आणि आमच्या शेठनं मला बीड जिल्ह्यात पाठवलं होतं. तेही व्हिडिओ गेम बघायला! आमचा धंदा गेमची लाकडी कपाटं बनवून गावोगावच्या दुकानांत ठेवण्याचा. देशाची दारं उघडली, बाहेरचा माल आला, घरच्या टीव्हीला जोडायचे गेम पुण्यात ढिगानं विकायला लागले आणि आमची दुकानं ओस पडली. फक्त शिरूर कासारच्या एका जुनाट मशीनपुढे म्हणे अजून गर्दी होती. शेठ म्हणाले, "लोकांना त्यात एवढी मजा कशाची येते ते शोधून आण. तसलाच नवा काढू." मजा म्हणजे जणू स्क्रू, काढला आणि डबीत टाकून आणला.

नगरला गाडी बदलली. माझ्या वाट्याची खिडकी बंद होईना, त्यामुळे सगळा रस्ता माझ्या तोंडावर बसला. झाडं विरळ होत गेली, मग नांगरून टाकलेली ढेकळं आणि बांधावरच्या बाभळी, एवढंच. अधूनमधून आमच्याच दिशेनं जाणारे ट्रक दिसत. त्यांत माणसं, पत्रे, भांडी, शेळ्या, सगळा संसार एकावर एक रचलेला. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं साखर कारखान्यांचा हंगाम संपल्यावर घरी परतत होती.

शेजारच्या आजीबाईंनी विचारलं, "कुणाकडं निगालात?"

"शिरूरला. हनीफभाईंच्या दुकानात गेम आहे, तो बघायला."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "येवढ्या उन्हात? घरी कामधंदा न्हाई का काय तुमाला?"

मी खोटं सांगायला हवं होतं.

सिंदफणेच्या पात्रात पाणी नव्हतं, वाळूत म्हशी उभ्या होत्या. हनीफभाईंचं दुकान स्टँडपासून हाकेच्या अंतरावर. पाण्याच्या जळालेल्या मोटारी उघडून नव्यानं तार भरायची, हा त्यांचा मूळ धंदा. मोटारींच्या ढिगाऱ्यापलीकडे आमचं कपाट उभं होतं, रंग उडालेलं, खेळायच्या दांडीचा गोळा झिजून गुळगुळीत झालेला. त्याच्या पाठीमागून दोन वायरी ट्रकच्या बॅटरीला गेलेल्या पाहून मी हबकलो.

"हे काय?"

"लाईट गेली की आतलं कार्ड बॅटरीवर चालतं, साहेब," हनीफभाई म्हणाले. "पडदा बंद ऱ्हायला तरी चालंल, पर कार्ड विझायला नको. विझलं की नावं गेली."

कार्ड म्हणजे गेम भरलेली सर्किटची पाटी, आणि या जुन्या मशीनची ही खोड मला माहीत होती. ज्यांच्या गुणांचे आकडे सगळ्यांत मोठे, त्यांची नावं ते इंग्रजी तीन-तीन अक्षरांत दाखवतं, पण बंद केलं की सगळं पुसतं आणि मशीन बनवताना कारखान्यात भरलेली नावं परत येतात. बाकी दुनिया बंद करते आणि विसरते. इथं पडद्यावर सगळ्यात वर एस, यू, डी अशी अक्षरं होती, आणि ती दिवाळीच्या आधीपासून तशीच होती.

"सुदाम," हनीफभाईंनी सांगितलं. "बायकोला घेऊन तोडीला गेलाय. येईलच आता."

मी स्वतः खेळायला बसलो. गेम अगदी साधा. नदीवरून आपलं विमान जातं, समोरून शत्रूची येतात. डाव्या हातानं दांडी, उजव्या हातानं बटण. मी चहा गार होण्याआधीच मेलो. पुन्हा बसलो, पुन्हा मेलो. भयंकर राग आला, पण मशीनचा नाही. दर वेळी मला नेमकं कळत होतं की मी कुठं हावरटपणा केला. पुण्यातल्या नव्या गेममध्ये स्फोट एवढे रंगीत की आपण कशानं मेलो तेच समजत नाही. इथं चूक समोर दिसायची, आणि दिसली की हात शिवशिवायचे. मागं उभे असलेले लोक "आरं आरं आरं" करत होते, त्यामुळे तर उठवतच नव्हतं.

मग समोरच्या दुकानातला दत्ता शिंपी आला. गळ्यात टेप तसाच. तो बसला. एक लोखंडी पूल येतो, तिथं मी दर वेळी मरत होतो. दत्ता झटकन उजवीकडं वळून पुलाच्या कडेनं सुटला. आकडा चढत चढत सुदामच्या जवळ पोचला. आता मोडणार, म्हणून मी पुढं सरकलो, आणि या गृहस्थानं दांडीवरचा हात काढून घेतला. विमान आपटलं. लोक शांतपणे पांगले.

"अहो, का सोडलंत?" मी ओरडलोच.

"सुदाम फडावर (ऊसतोडीच्या शेतावर) हाय ना. गेलेल्याचा आकडा तो येईस्तोवर मोडायचा न्हाई."

"हा कुठला नियम?"

"हितला. पाडायचं तर तोंडावर पाडायचं. पाठीमागं काय कुणीबी पाडंल."

गावातला निम्मा खेळणारा माणूस दिवाळीनंतर नसतोच. मग बाकीच्यांनी मोडायचे कुणाचे आकडे? म्हणून हे असे वरपर्यंत जाऊन हात सोडत होते, सारा हंगाम. आणि तरी रोज येत होते! शेठना हे कसं सांगावं, मला कळेना.

दुपारी दत्तानं मला जेवायला घरी नेलं. भाकरी आणि येसराची आमटी (भाजलेल्या धान्याच्या, मसाल्याच्या पिठाची). डोळ्यांतून पाणी आलं, नाक वाहायला लागलं, आणि मी तिसऱ्यांदा वाढून घेतली. दत्ता सांगत होता, "सुदाम आल्यावर पैला डाव त्याचा. मग मी. ह्या वक्ताला न्हाई सोडीत बघा." लग्नघरातल्या माणसासारखा खुलला होता.

सुदाम दुसऱ्या दिवशी सकाळी आला. ट्रकमधून उतरून सरळ दुकानाशीच, अंगावर प्रवासाची धूळ. तरणाबांड, हसरा. पडद्यावर आपलं नाव बघून त्यानं हनीफभाईंना मिठी मारली, आणि तेव्हा आम्हाला त्याचा डावा हात दिसला. चिंध्या गुंडाळलेला. ऊस डाव्या हातात धरतात आणि उजव्यानं कोयता मारतात. दोन बोटं पेरांपासून गेली होती.

"कोयता निसटला," तो म्हणाला. "त्याचं काय न्हाई. दत्त्या, सांच्याला बस. आंघुळ करून येतो."

तो गेल्यावर हनीफभाईंनी मला बाजूला घेतलं. "साहेब, आत बारीक खटके असत्यात ना? गेम जरा ढिला करा. विमानं कमी येऊ द्या."

असतात तसे. शत्रू किती जोरात यावेत हे कपाटाच्या आतल्या खटक्यांवर ठरतं. मी काही बोलायच्या आत दत्ता उसळला. "हात लावायचा न्हाई! त्याला कळंल. मशीनला तेवढं ठावं न्हाई कुणाचा हात कसा हाय ते, म्हणून तर त्याला त्याच्याशी खेळायचंय." मी मनात म्हटलं, शेठच्या प्रश्नाचं उत्तर हे. खिशातला स्क्रूड्रायव्हर खिशातच राहिला.

ऊन उतरल्यावर दुकानाबाहेर पाय ठेवायला जागा नव्हती. सुदाम बसला. बोटांनी धरता येईना, तेव्हा त्यानं दांडीचा गोळा अंगठा आणि तळव्यात दाबला. चिंधीवर लाल डाग उमटला तरी त्यानं पाहिलं नाही. पुलापाशी तो सुटला, लोक ओरडले, पण पुढच्या वळणावर हात पुरला नाही. आपल्याच जुन्या आकड्याच्या निम्म्यालाही पोचला नाही. "चला," तो म्हणाला आणि उठला. चेहऱ्यावर वाईट वाटल्याचं काही नव्हतं. उलट डोळे चमकत होते. "आता तू, दत्त्या."

दत्ता बसला. सुरुवातीला कालसारखाच झरझर. मग पूल आला आणि दत्ता डावीकडं वळला. विमान पुलावर आपटलं. सुदामच्या आत्ताच्या आकड्याच्या जरासं अलीकडं. कुणीतरी "सुदाम जिकला!" म्हणून टाळी वाजवली, ती एकटीच वाजली.

"हात घसरला," दत्ता म्हणाला.

"पुलापाशी तू डावीकडं गेलास."

"गडबडीत गेलो."

"कावून (का म्हणून) खोटं बोलतूस?" सुदामचा आवाज चढला नव्हता. "सारा सीझन ऊस तोडता तोडता मी मनात ह्योच गेम खेळत व्हतो. दत्त्या कुठं वळंल, मी कुठं वळंन. बोटं तुटली त्या दिशीबी खेळलो. घरी आई बघून बघून रडती. बायको भाकरी कुस्करून पुढ्यात ठेवती. म्हणलं, दत्त्या तरी हरवंल मला."

सुदाम कपाटामागं गेला. त्यानं आधी भिंतीवरचं बटण बंद केलं, मग बॅटरीच्या वायरी ओढून काढल्या. पडदा आक्रसून मध्ये एक पांढरा ठिपका राहिला, मग तोही गेला. "या अल्ला," हनीफभाई एवढंच म्हणाले. सुदाम गर्दीतून वाट काढत निघून गेला. मला दत्ताचा संताप आला. त्याहून जास्त त्याची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचाच राग आला.

सकाळी निघताना दुकानापाशी थांबलो. मशीन सुरू होतं. वर कारखान्यातली नावं होती, ज्यांना कुणी ओळखत नाही. दत्ता समोर कुणाचा तरी सदरा शिवत होता. त्यानं वर पाहिलं नाही. परतीच्या गाडीत मला चांगली खिडकी मिळाली, बंद होणारी. त्याचंही सुख वाटलं नाही.

पुण्यात शेठनं खुर्चीवर बसवून आधी नवं कार्डच दाखवलं, नुकतंच बाहेरून आलेलं. "तुझं नंतर ऐकतो. आधी हे खेळ. यात गंमत काय आहे सांगू? माणूस दोन-तीनदा हरला की मशीन आपोआप सोपं होतं. आपल्याला कळतसुद्धा नाही! गिऱ्हाईक रुसत नाही."

मी खेळलो. मेलो. पुन्हा मेलो. मग समोरून येणारी विमानं हळू झाली, एक तर माझ्या वाटेतून स्वतःच बाजूला गेलं. आकडा चढायला लागला. शेठ मागून म्हणाले, "बघ, जमतंय की तुला!"

मी दांडी सोडली आणि बटण बंद केलं.