एका पेटीवर एक पेटी मोफत

"पान काढून टाक," अण्णा शेट्ये म्हणाले. "पान नाय तर ऑफर नाय. विषय संपला."

खुर्ची पुढे केली तरी ते बसले नाहीत. माझ्या टेबलापाशी उभे राहून कॉम्प्युटरकडे असे बघत होते, जणू त्यानेच त्यांच्या बागेतले आंबे चोरले होते.

"अण्णा, लोकांनी पैसे भरलेत," मी म्हटलं.

"भरूदेत. साइट बंद पडली म्हणून सांग. तुझी ती सारखी बंद पडतेच."

हे मात्र खरं होतं.

माझं ऑफिस म्हणजे रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या रस्त्यावरच्या आमच्या दुकानाची माडी. खाली माझे वडील बोटींच्या इंजिनांचे स्पेअर पार्ट विकत आणि वर मी वेबसाइट बनवायचे. कॉम्प्युटर घेतला तो कुवेतच्या भावाने पाठवलेल्या पैशांतून. ही गोष्ट दोन हजार सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतली. तेव्हा इंटरनेट फोनच्या वायरीतून यायचं. इंटरनेट चालू असलं की फोन लागत नसे, आणि कोणी फोन उचलला की इंटरनेट जात असे. वडील खालून फोन उचलत. त्यामुळे माझं इंटरनेट मुख्यतः ते जेवायला गेले की चालायचं.

अण्णा माझे पहिले मोठे क्लायंट. पालीजवळ त्यांची हापूसची बाग. खरं तर बाग त्यांच्या बायकोची, शांताकाकींची, माहेरकडून आलेली. पण साइटवर फोटो अण्णांचा होता, फेटा बांधलेला. एरवी त्यांनी आयुष्यात कधी फेटा बांधला नव्हता.

त्यांचा ऑनलाइन धंदा कसा चालायचा ते सांगते. पुण्यातलं गिऱ्हाईक साइटवरचा फॉर्म भरायचं. तो मला ईमेलने यायचा. मी त्याची प्रिंट काढायचे आणि स्कूटरवरून पालीला नेऊन द्यायचे, कारण अण्णांकडे कॉम्प्युटर नव्हता. गिऱ्हाईक पैसे चेकने नाहीतर डिमांड ड्राफ्टने पाठवायचं. मग आंबे टेम्पोने पुण्याला जायचे. म्हणजे सगळं ऑनलाइनच होतं, फक्त मी, स्कूटर, पोस्ट आणि टेम्पो सोडून.

साइटच्या तळाशी मी एक काउंटर लावला होता. किती वेळा साइट उघडली त्याचा आकडा तो दाखवायचा. ती माझी हौस होती. अण्णांनी मात्र तो आकडा म्हणजे रांगेत उभी असलेली गिऱ्हाइकं समजायला सुरुवात केली. मेहुण्यांना सायबर कॅफेत पाठवून ते साइट उघडायला लावत आणि संध्याकाळी आकडा वाढला म्हणून मला फोन करून अभिनंदन करत.

असं चाललेलं असताना भर पावसाळ्यात रत्नागिरीत एक सेमिनार झाला. एका हॉटेलच्या हॉलमध्ये मोठा फलक होता: "छोट्या ऑनलाइन उद्योजकांसाठी हंगामी बचत आणि कमाईच्या संधी". हॉल भरला होता, कारण फीमध्ये जेवण धरलेलं होतं. वेबसाइट असलेला उद्योजक त्या गर्दीत एकच, आमचे अण्णा. शेजारी त्यांचे मेहुणे होते. त्यांची वेबसाइट व्हायची होती, धंदाही व्हायचा होता.

भाषण करायला मुंबईहून एक सल्लागार आले होते. पावसात भिजलेला टाय त्यांनी शेवटपर्यंत सैल केला नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. एक, बचत करायची ती हंगाम नसताना, कारण तेव्हा सगळं स्वस्त मिळतं. दोन, कमाई करायची ती सणाला, कारण सणाला गिऱ्हाईक खर्च करायच्या मूडमध्ये असतं. म्हणून प्रत्येक सणाला ऑफर हवी. त्यांनी पडद्यावर वर्षभराचं कॅलेंडरच दाखवलं. फेब्रुवारीत व्हॅलेंटाइन डेला आंबेवाल्यांसाठी लिहिलं होतं: "प्रेमाचा पहिला आंबा".

"फेब्रुवारीत झाडावर सुपारीएवढी कैरी असते," अण्णा मेहुण्यांच्या कानात म्हणाले. पण वहीत त्यांनी ते उतरवून घेतलं.

कॅलेंडरात गुढीपाडव्यापुढे "एकावर एक मोफत" असं होतं. मी हात वर केला.

"सर, पाडव्याला आंबा नुकता यायला लागतो. माल कमी आणि भाव वर्षातला सगळ्यात चढा. तेव्हा सूट कशासाठी द्यायची?"

ते माझ्याकडे बघून हसले. दयेने हसावं तसं.

"मॅडम, तुम्ही प्रॉडक्टचा विचार करताय. मी कस्टमरचा करतोय."

टाळ्या पडल्या. अण्णांनीही वाजवल्या. मग जेवण लागलं.

अण्णांनी आधी बचत केली. ऐन पावसात कोल्हापूरहून पुठ्ठ्याच्या पेट्यांचा ट्रक मागवला. हंगामात याच पेट्या दीडपट महाग मिळतात, हे बरोबर होतं. त्यांनी त्या गोठ्याशेजारच्या पडवीत रचल्या. कोकणात पावसाळ्यात पडवीत ठेवलेल्या पापडाचं काय होतं हे अण्णांना माहीत होतं. पण सेमिनारमध्ये पापडाचा विषय निघाला नव्हता.

होळीच्या बऱ्याच आधी ते कमाईकडे वळले.

"पाडव्याची ऑफर टाक," ते माझ्या ऑफिसात येऊन म्हणाले. "एका पेटीवर एक पेटी मोफत. मोठ्या अक्षरांत. लाल."

"पहिल्या किती ऑर्डरींना?"

"किती म्हणजे? सगळ्यांना."

"अण्णा, शेवटची तारीख टाकूया. आणि माल असेपर्यंत, असं तरी लिहूया."

"अटी घातल्या की माणूस बिचकतो. सल्लागार काय बोल्ले, विसरलीस?"

"काकींना विचारलंत?"

"तिला इंटरनेटातलं काय कळतं?"

मी लाल अक्षरांत ऑफर टाकली. अक्षरं लुकलुकत होती. तेव्हा लुकलुकणारी अक्षरं म्हणजे प्रगती समजली जायची.

आठवडाभर काही झालं नाही. मग पुण्याच्या एका कंपनीतल्या कोणीतरी आमच्या पानाचा पत्ता ऑफिसातल्या सगळ्यांना ईमेलने पाठवला. त्या सगळ्यांनी तो आपापल्या नातेवाइकांना पाठवला. एका सकाळी मी ईमेल उघडली, ती उतरायलाच दुपार झाली. प्रिंटरची शाई संपली. वडिलांनी खालून विचारलं, वर काय छापखाना काढलास काय.

पहिल्या दिवशी प्रिंटांचा गठ्ठा घेऊन गेले तेव्हा अण्णांनी मला लाडू दिला. दुसऱ्या दिवशी चहा दिला. तिसऱ्या दिवशी फक्त गठ्ठा घेतला. चेक येतच होते.

त्या वर्षी थंडीनंतर पहाटेचं धुकं बरेच दिवस राहिलं. पहिला मोहोर काळा पडून गळला. त्यामुळे पाडव्याला उतरेल असा आंबा नेहमीच्याही निम्मा होता. ऑर्डरींपुरता तो जेमतेम पुरला असता. मोफतची पेटी भरायला झाडावर फळच नव्हतं. बाजारातून विकत घेऊन भरावी, तर पाडव्याच्या भावाने बाग विकायची वेळ आली असती.

आणि पडवीतून पेट्या काढल्या तर त्या उचलल्या की तळ खाली राहत होता. पुठ्ठ्याने दोन महिन्यांचा पाऊस पिऊन घेतला होता, आणि उरलेल्याचा हिशोब वाळवीने लावला होता. नव्या पेट्या हंगामाच्या भावाने घ्याव्या लागल्या. बचत तिथे संपली.

म्हणून अण्णा माझ्यासमोर उभे होते आणि पान काढून टाक म्हणत होते.

"पान काढता येईल," मी म्हटलं. "पण लोकांनी ते बघितलंय. कोणी छापूनही ठेवलं असेल."

"असं कोण छापून ठेवतो?"

तेवढ्यात फोन वाजला. पुण्याचे एक निवृत्त वकील बोलत होते. त्यांनी शांतपणे सांगितलं, की तुमच्या जाहिरातीची प्रत माझ्या फाइलला आहे, पेट्या दोन यायच्या आहेत, कृपया टेम्पोची वेळ कळवा. मी फोनवर हात ठेवून अण्णांना निरोप सांगितला. अण्णा खुर्चीत बसले.

मला पैशांपेक्षा वेगळी भीती होती. रत्नागिरीत वेबसाइट बनवणारी मी जवळजवळ एकटी होते. ऑनलाइन म्हणजे फसवणूक, असं लोक तसंही म्हणतच होते. अण्णांची ऑफर बुडाली असती तर अण्णांनी पुढच्या वर्षी वाशीच्या मार्केटला आंबा पाठवला असता. माझं दुकान मात्र बंद झालं असतं, आणि मी खाली जाऊन पिस्टन रिंगा मोजत बसले असते.

मी सल्लागारांना फोन लावला. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "वंडरफुल. डिमांड आहे, सप्लाय नाही. असा प्रॉब्लेम यायला नशीब लागतं."

"पण सर, करायचं काय?"

"त्यासाठी माझं वेगळं सेशन आहे. फी ईमेल करतो."

शेवटी मी अण्णांना मागे बसवलं आणि स्कूटर पालीला नेली. शांताकाकी खळ्यात आंबे निवडत होत्या. ऑफरचं त्यांना तोवर कोणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. अण्णा मधेमधे खोकत होते.

काकींनी निवडणं थांबवलं नाही. "नेमकं काय लिवलंत तां मला वाचून दाखव," त्या म्हणाल्या.

मी वाचलं. "पाडव्यानिमित्त, एका पेटीवर एक पेटी मोफत."

"मोफतची पेटी कधी देणार, तां लिवलंय?"

"नाही."

"मग मेअखेरीक द्या. तेव्हा आंबा कॅनिंगला जातो."

कॅनिंग म्हणजे रस डबाबंद करणारे कारखाने. मे संपत आला की सगळ्या बागा एकदम उतरतात आणि पिकलेला आंबा ठेवायला जागा उरत नाही. मग तो किलोवर कारखान्याला जातो, पाडव्याच्या आंब्यापुढे अगदी मातीमोल भावाने. आंबा तोच. कधीकधी जास्त गोडही.

अण्णांचा चेहरा एकदम उजळला. "बघ! लिहायचं राहिलं ते बरंच झालं. लोकांना सांगायचं कशाला? सरळ मेमध्ये पाठवायची."

"सांगायचं," काकी म्हणाल्या. "ज्याला नको त्याचे पैसे परत. बागेला माझ्या बापाचं नाव आहे, तुमच्या फेट्याचं नाय."

मग माझं काम सुरू झालं. मी सगळ्यांना ईमेल पाठवली, आणि ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांना फोन केले. एक पेटी पाडव्याला, दुसरी मेअखेरीस, आणि पटत नसेल तर पूर्ण पैसे परत. वडिलांचा फोन दिवसभर माझ्याकडे राहिला. खाली बोटवाली गिऱ्हाइकं ओरडत होती.

काहींनी पैसे परत मागितले. ते लगेच पाठवले. एका बाईंनी मला पुणेरी शुद्ध भाषेत चोर म्हटलं. बरेच लोक मात्र हो म्हणाले, कारण एक पेटी तरी हातात पडतेय हेच त्यांना पुष्कळ वाटलं. वकिलांनी घासाघीस केली.

"उशिराची भरपाई म्हणून फळ मोठं हवं."

मी अण्णांना विचारलं. अण्णांनी काकींकडे बघितलं.

"मेमध्ये लहान फळ द्यायचं म्हटलं तरी शोधावं लागेल," काकी म्हणाल्या. "हो म्हण त्यांना."

पाडव्याच्या पेट्या वेळेवर गेल्या. नव्या पुठ्ठ्यातून. मेअखेरीस टेम्पो पुन्हा भरला. या वेळी मीच खळ्यात थांबले. उन्हाळा कडक असला की फळ टेम्पोतच पिकतं, म्हणून काकींनी जरा कच्चंच काढलं आणि प्रत्येक पेटीत भाताचा पेंढा जास्त घातला. दोन-तीन पेट्या खराब पोचल्या. त्यांच्या बदल्यात दुसऱ्या पाठवल्या.

मग ईमेल यायला लागल्या. मला वाटलं, तक्रारी. पण मे म्हणजे शाळांना सुट्टी, घरात पाहुणे, मुलींची माहेरपणं. अशात दारात आंब्याची पेटी येते, आणि तिचे पैसे कधी दिले ते कोणाला आठवत नाही. लोकांनी फोटो पाठवले. वकिलांनी लिहिलं, की फळ करारानुसार आहे. त्यांच्या मानाने ही स्तुतीच होती.

अण्णांना नफा झाला नाही, मोठं नुकसानही झालं नाही. पेट्यांचं दुहेरी बिल तेवढं अंगावर पडलं. पण मेच्या पेटीनंतर बऱ्याच जणांनी विकतच्या ऑर्डरी दिल्या, आणि कॅनिंगला जाणारा आंबा पहिल्यांदाच बऱ्या भावात गेला. जून उजाडेपर्यंत ही कल्पना अण्णांची झाली होती. पुढच्या सेमिनारला सल्लागारांनी त्यांना व्यासपीठावर बसवलं आणि पडद्यावर लिहिलं: "डिलेड डिलाइट: एक केस स्टडी". अण्णा फेटा बांधून गेले. काकी गेल्या नाहीत. त्यांच्याकडे फणस आले होते.

पुढच्या वर्षी ऑफर टाकायला काकी स्वतः आल्या. शेवटची तारीख, पेट्यांची मर्यादा, मोफतची पेटी कधी, सगळं मी त्यांच्यासमोर लिहिलं. मग त्यांनी पाडव्याच्या पेटीचा भाव सांगितला. मी दोनदा विचारून घेतला.

"काकी, हा तर दोन्ही पेट्यांचा भाव झाला."

"होय तर. दोन पेट्या जातायत ना?"

"मग मोफत काय?"

"तां अक्षर लाल ठेव," त्या म्हणाल्या.

ऑर्डरी आदल्या वर्षीपेक्षा जास्त आल्या. त्यानंतर मी अनेक दुकानदारांच्या सणासुदीच्या ऑफरी लिहिल्या, आणि प्रत्येकाला एकच गोष्ट आधी विचारत आले. तुमचा माल कधी स्वस्त असतो ते सांगा, सण आपण मागून शोधू.