डावीकडे जाणारं कोलो

हेमा गावणकर नाच शिकायला गेलीच नव्हती. ती भांडायला गेली होती.

दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समधल्या त्यांच्या इमारतीत रहिवाशांचा हॉल बरोबर गावणकरांच्या डोक्यावर. एरवी तिथे वाढदिवसाचे फुगे फुटत, तेवढंच. पण त्या थंडीत दर शनिवारी सकाळी वरून धपाधप आवाज यायला लागला. हेमाचा नवरा सूर्यकांत रोज उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियातल्या पत्र्याच्या कारखान्यापर्यंत गाडी हाणणारा प्रॉडक्शन मॅनेजर. सुट्टीच्या दिवशी तरी झोपावं म्हटलं, तर छताने जागं करावं! "सिक्युरिटीला कॉल कर, खलास," तो उशीखालून म्हणाला. पण हेमाचा फोनवरच्या भांडणांवर विश्वास नव्हता. इन्शुरन्स कंपनीत लोकांचे क्लेम नाकारण्यात तिची निम्मी हयात गेलेली. नाही कसं म्हणायचं, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. ओढणी खोचून ती वर गेली.

दार ढकललं आणि उंबऱ्यातच थबकली. खुर्च्या भिंतीला सारलेल्या. मधे नाना देशांचे दहापंधरा बायका-पुरुष एकमेकांचे हात धरून एका साखळीत. साखळी वळत वळत वर्तुळ व्हायला आलेली, पण मिटलेली नाही, एका बाजूला उघडीच. फोनवर अकॉर्डियन वाजत होतं, आपल्या पेटीच्या वांड बहिणीसारखं. नाचणाऱ्यांचे खांदे हलत नव्हते, माना ताठ, चेहरे गाभाऱ्यासमोर उभे असल्यासारखे शांत. आणि खाली पावलं! इतकी बारीक, इतकी चपळ, की बघणाऱ्याचे डोळे मागे पडावेत. वरच्या माणसाला खालच्या पायांची खबर नाही, असं वाटत होतं. खाली बसून ऐकताना जो नुसता धपधपाट होता, त्यातल्या प्रत्येक धपेमागे कितीतरी नाजूक पावलं होती, जी हेमाच्या छतापर्यंत पोचतच नव्हती. हेमा तोंड उघडून उभी राहिली, आणि ते तोंड भांडणासाठी उघडलेलं नव्हतं.

साखळीच्या उजव्या टोकाला होती मिलित्सा. दुबई मरीनातल्या एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट, सर्बियाच्या पूर्वेकडच्या डोंगरातली, उंच आणि हाडापेराने दणकट. गाणं संपलं तशी ती हेमाकडे वळली. "यायचंय?" तिने विचारलं. दोघींचं बोलणं अर्थात इंग्रजीत, आणि दोघींचंही इंग्रजी आपापल्या गावचं. हेमा म्हणाली, "हो." खाली आल्यावर सूर्यकांतने विचारलं, "काय म्हणाले? बंद करतायत?" तर म्हणाली, "पुढच्या शनिवारपासून मी पण जाणार आहे." सूर्यकांतने उशी पुन्हा कानावर घेतली.

या नाचाला कोलो म्हणतात, म्हणजे चाक. हात खाली सोडून शेजाऱ्याचे हात धरायचे, आणि उजवीकडे सरकायचं. बस्स, एवढंच. आणि या एवढ्याशावरच हेमाचं घोडं अडलं. तिचा जन्म राजापूरजवळच्या एका वाडीतला. तुळस असो, पिंपळ असो, ग्रामदेवीचं देऊळ असो, कळायला लागल्यापासून ती एकाच बाजूने फिरत आलेली. देव आपल्या उजव्या हाताला ठेवायचा. म्हणजे वर्तुळाच्या मध्याकडे तोंड करून उभं राहिलं, तर पाऊल डावीकडेच पडणार. संगीत सुरू झालं की सगळी साखळी उजवीकडे जाई आणि एकटी हेमा डावीकडे. तिच्या डाव्या हाताला असायची हाफिजा, केरळची नर्स. तिचा पाय हमखास हेमाच्या पायाखाली. "हेमाचेची, माझ्या पायाचाही क्लेम घेता का हो तुम्ही?" ती विचारी. चेची म्हणजे ताई.

मग घरी सराव. डायनिंग टेबल मधे धरून हेमा उजवीकडे सरकायला लागली, तसा सूर्यकांत चहाचा कप घेऊन दारात आला.

"अगं, ही उलटी प्रदक्षिणा झाली. जिवंत माणसं अशी फिरतात होय?"

"सर्बियात फिरतात."

"नाचता येईना, टेबल वाकडं."

"आई, यू आर डुइंग इट राँग अगेन," सोफ्यावरून ईशानी म्हणाली. ती अकरावीत होती आणि आईच्या चुका शोधण्यात तिला गती होती. हेमाचे ओठ ताल मोजत होते.

पण पावलं येत गेली. ऑफिसात लिफ्टची वाट बघताना, मेट्रोच्या फलाटावर, पोळ्या लाटताना तिच्या टाचा आपोआप हलायच्या. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला स्वतःच्याच पायांचं नवल वाटावं, हे तिला भारी वाटे. पायांना असं काही येत होतं, जे डोक्याला ठाऊक नव्हतं. फक्त सुरुवातीला, पहिल्या पावलाला, ते अजूनही कधीकधी डावीकडे पळत.

असंच एका शनिवारी झालं. हेमाने पहिलं पाऊल डावीकडे टाकलं, आणि हाफिजाने यावेळी ठरवून गंमत म्हणून तिच्याबरोबर तेच टाकलं. हसत हसत त्यांच्या शेजारच्यांनीही तेच केलं. बघता बघता सगळी साखळी डावीकडे चालायला लागली. सगळे खिदळत होते. मिलित्साने मात्र झटक्यात हात सोडला आणि फोनवरचं संगीत बंद केलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तसं नाही," ती म्हणाली. "तसं आम्ही मेलेल्यांसाठी नाचतो."

ती जमिनीवरच बसली, आणि मग सगळेच तिच्याभोवती बसले. तिने सांगितलं, तिच्या गावात घरातलं माणूस गेलं की वर्षभर त्या घरात गाणं-बजावणं नाही. वर्ष भरलं की गावाला बोलवायचं, वाजवणाऱ्यांना त्या माणसाचं नाव पुकारायला सांगायचं, घरातल्यांनी दिवा हातात धरायचा आणि त्याच्या नावाचं कोलो नाचायचं. एरवीसारखं उजवीकडे नाही, डावीकडे. ते नाचून झालं की मेलेला मोकळा आणि घरही मोकळं. बेलग्रेडच्या लोकांना हे ठाऊकही नसतं, ती म्हणाली. ही आमच्या डोंगरातली रीत.

"आमच्यात अगदी याच्या उलट," हेमा हळूच म्हणाली. "आमच्यात देवासाठी डावीकडे. आणि मेलेल्यांसाठी उजवीकडे."

इतके आठवडे एकीचं मंगल ते दुसरीचं अमंगल होतं, आणि दोघी हात धरून त्यात नाचत होत्या! हेमाला हसू यायला हवं होतं, पण तिला काहीतरी फार मोठं दिसल्यासारखं वाटलं, घाट चढून वर यावं आणि एकदम समुद्र दिसावा तसं.

वर्ग पांगल्यावर मिलित्सा तिला म्हणाली, "माझ्या वडिलांना पुढच्या महिन्यात वर्ष होतंय. भाऊ म्हणतो, नको येऊस. साखळी धरायला गावात माणसंच उरली नाहीत. तरुण सगळे जर्मनीत, म्हाताऱ्यांना पाय उचलत नाहीत." मग म्हणाली, "तुम्ही नाचाल माझ्याबरोबर? इथे?"

हेमा म्हणाली, "नाचू." आणि मग, कोण जाणे का, जे ती सूर्यकांतशीही कधी धड बोलली नव्हती ते बोलली.

तिची आई कृष्णाबाई कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेली. कोविडने नव्हे, वयाने. पण काळ तो. दुबईहून भारतात जाता आलं असतं, परतीची विमानं मात्र बंद झालेली. नोकरी, ईशानीची शाळा. सगळे म्हणाले, येऊ नकोस, आणि हेमाने ऐकलं. स्मशानात भाच्याने व्हिडिओ कॉल लावून मोबाइल धरला होता. तिचा भाऊ नागेश पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन चितेभोवती उलटा फिरायला लागला, एक फेरा झाला, दुसऱ्यात मोबाइल हलला, माडांचे शेंडे दिसले आणि रेंज गेली. परत लागली तेव्हा सगळं उरकलं होतं. पुढच्या वर्षी ती गावी गेली, तर आईच्या फोटोवरचा हारसुद्धा जुना झाला होता. हेमा तेव्हाही रडली नाही. आतल्या आत मात्र तो फेरा तसाच अर्धा राहिला होता, आणि तो आता कुठे पुरा करायचा, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मिलित्साने सगळं ऐकून घेतलं आणि तिचा हात नुसता दाबला.

जागा सूर्यकांतने सुचवली. "आमच्या फॅक्टरीच्या पुढे बीच आहे. तिथे सकाळी कुणी नसतं," तो म्हणाला. नाचाला नावं ठेवणारा हा माणूस, पण वर्षश्राद्ध म्हटल्यावर त्याचा सूर बदलला. मेलेल्या माणसाच्या बाबतीत कोकणी माणूस थट्टा करत नाही. त्या दिवशी "यल्ला, यल्ला, ऊन होईल" करत त्यानेच वर्गातल्या सगळ्यांना फोन करून उठवलं, आणि ईशानीलाही गाडीत घातलं.

उम्म अल कुवैनचा तो किनारा सकाळी अगदी रिकामा होता. ओहोटी लागलेली, ओली वाळू घट्ट, पायाला बरी. मिलित्साने उकडलेल्या गव्हात साखर आणि अक्रोडाचा चुरा घालून मोठं भांडं भरून आणलं होतं. नाचायच्या आधी प्रत्येकाने चमचाभर खायचं. हेमाने खाल्लं आणि तिला वाटलं, ही तर खिरीचीच चुलतबहीण! मिलित्साने काचेच्या कंदिलात मेणबत्ती लावली, डाव्या टोकाला उभी राहिली आणि आधी नियम सांगितला. संगीत थांबलं तरी कुणी हात सोडायचा नाही. ज्याचं माणूस असतं तो पुढे असतो, आणि त्याने हात सोडला की मगच सगळ्यांनी सोडायचा. मग तिने समुद्राकडे तोंड करून मोठ्याने वडिलांचं नाव घेतलं.

फोनवर अकॉर्डियन लागलं आणि साखळी डावीकडे निघाली. हेमा मिलित्साच्या शेजारी होती. तिने नाच खूप पाहिले होते, पण असा पाहिला नव्हता. कुणी हसत नव्हतं, कुणी रडतही नव्हतं. फक्त पावलं, ओल्या वाळूत उमटणारी, आणि पुढे एक बाई हातात दिवा घेऊन बापाला वाट दाखवत चाललेली. सूर्यकांतचे पाय चुकत होते, ईशानी त्याला खेचत होती, हाफिजा ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होती. संगीत थांबलं. मिलित्सा क्षणभर उभी राहिली आणि तिने हात सोडला. पाण्यात होडी ढकलून द्यावी तसा सोडला.

डोळे पुसून ती सगळ्यांकडे वळली. "आमच्यात विचारायची पद्धत आहे," ती म्हणाली. "आणखी कुणाचं नाचायचं राहिलंय?"

हेमाने मान खाली घातली. चार लोकांत मागून घ्यायची तिला सवय नव्हती.

"राहिलंय," मागून सूर्यकांत म्हणाला. "माय वाइफ्स मदर. कृष्णाबाई."

हेमाने वळून पाहिलं. सूर्यकांत पायाखालच्या वाळूकडे बघत होता. इतकी वर्षं त्याला सगळं ठाऊक होतं, आणि तो उगाच पत्र्याच्या गोष्टी बोलत राहिला होता. मिलित्साने कंदील हेमाच्या हातात दिला. "तुझी आई. कोणत्या बाजूने?"

"उजवीकडे," हेमा म्हणाली.

"आमच्यात तसं लग्नात नाचतात."

"माहीत आहे. पण आमची माणसं त्या बाजूने जातात."

मिलित्साने मान डोलावली. हेमा आयुष्यात पहिल्यांदा साखळीच्या उजव्या टोकाला उभी राहिली, मिलित्सा तिच्या शेजारी. "कृष्णाबाई," तिने मोठ्याने म्हटलं. आईचं नाव तिने असं कधी उच्चारलंच नव्हतं. अकॉर्डियन सुरू झालं. तिला वाटत होतं, पाय डावीकडे पळणार. पण ते पळाले नाहीत. पहिल्या पावलापासून ते उजवीकडे गेले. एक फेरा झाला. दुसरा लागला, आणि हेमाला वाटलं, आता पुन्हा सगळं हलणार आणि माडांचे शेंडे दिसणार. काही हललं नाही. मिलित्साचा हात घट्ट होता, मागे सगळी माणसं होती, दुसरा फेरा पुरा झाला आणि तिसराही. हेमाच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि पाय मात्र एकाही ठिकाणी चुकत नव्हते. पुढे दिवा, मागे इतक्या देशांची माणसं, आणि मधे राजापूरची एक म्हातारी, जिने कधी विमानही पाहिलं नव्हतं. हे आपल्या हातून होतंय, यावर तिचा विश्वास बसत नव्हता.

संगीत थांबलं.

हेमाने हात सोडला नाही. साखळी उभी राहिली. ऊन वर यायला लागलं होतं, पण सूर्यकांत यल्ला म्हणाला नाही. ईशानीनेही फोन काढला नाही. सगळे वाट बघत होते, आणि हेमाला कळत होतं की ते आपल्यासाठीच थांबलेत, आणि हवा तितका वेळ थांबतील.

आपल्याकडे निघताना "जाते" म्हणत नाहीत, "येते" म्हणतात. शेवटच्या खेपेला उंबऱ्यावर हेमाही तेच म्हणाली होती, "येते हां आई, मे महिन्यात." कृष्णाबाई तेव्हापासून तिच्या मनात त्याच उंबऱ्यावर उभी होती, वाट बघत.

"आई," हेमा म्हणाली, "मी नाही आले गं. तू जा आता."

आणि तिने हात सोडला.