पुढच्या रविवारची मोहर

कुरवंड्याचे आबा घरी आलेल्याला सगळी नाणी दाखवायचे, फक्त जे बघायला तो आलाय तेवढं सोडून.

ते म्हणजे कंपनी सरकारची सोन्याची मोहर. मागच्या बाजूला सिंह आणि ताडाचं झाड. पुण्यातले मोठमोठे संग्राहक तिच्या नुसत्या नावानं वेडे होतात, खरंच सांगते. फोन करून म्हणायचे, फोटो पाठवा. आबांचं उत्तर ठरलेलं, "फोटूत वजन येत न्हाई. हितं या, हातावर घ्या."

आबांचं लोणावळ्यात चिक्कीचं दुकान होतं, शेजारी सराफ. औंढ्या-कुरवंड्याची माणसं लेकीच्या लग्नाला जुनं सोनं मोडायला आणायची. त्यात एखादी गिनी किंवा मोहर निघाली की सराफ आटवायच्या आधी आबांना हाक मारायचा, आणि आबा ती सोन्याच्या भावानं घ्यायचे. पुढे आबांची बायको गेली, मुलगा दुबईला गेला, दुकान विकलं. घरात उरले आबा आणि चिक्कीच्या डब्यातली नाणी.

मी लोणावळ्याची, कॉलेजात शिकणारी, माझ्या संग्रहात सगळे तांब्याचे पैसे. नाण्यांच्या ग्रुपवर आबांबद्दल वाचलं आणि रविवारी थेट पोचले. गिन्या बघितल्या, चहा झाला, पोहे झाले. शेवटी विचारलं, "आणि ती मोहर?"

"आज ऱ्हाऊ दे. फुडच्या रविवारी."

दर रविवारी हेच. एकदा मी वैतागले. "आबा, आहे तरी का हो ती?"

ते चष्मा पुसायला लागले. "हाय की. आदी दावायचो. पुण्याची मान्सं यायची, मोहर बगायची, फोटू काढायची न जायची. परत कुनी आलं न्हाई. म्हून आता दावत न्हाई."

त्यानंतर मी विचारलंच नाही. नुसती जात राहिले.

मग एका रविवारी आबा खाटेवरून उठलेच नाहीत. डबा उशाशी. मला बघून बंद मूठ पुढे केली. "घे. बग."

मी म्हटलं, "आज राहू दे आबा. पुढच्या रविवारी."

"लय नखरं तुजं," म्हणाले आणि हसत हसत मूठ तशीच उशीखाली सरकवली.

त्याच आठवड्यात ते गेले. दुबईहून आलेला मुलगा म्हणाला, "उद्या पुण्याचे लोक सगळं न्यायला येतायत. तुला ती मोहर बघायची असेल तर बघून घे."

"रविवारी बघते," माझ्या तोंडून निघूनच गेलं.

"रविवारी घर बंद असेल," तो म्हणाला.