शकील पेंटरची दहा पावलं

९ जुलै. फवारणीचा हंगाम तोंडावर आला म्हणून आज दुकानाचा माळा उपसायला घेतला. मुदत संपलेल्या बाटल्या एका बाजूला, कंपनीला परत करायच्या दुसऱ्या बाजूला, गळणाऱ्या बाटल्या पोत्यात. त्या गळक्या बाटल्यांखाली घडी घातलेलं एक जुनं वर्तमानपत्र निघालं. उलगडलं तर छापलेल्या बातम्यांवर ब्रशनं काढलेली औषधाची बाटली, तिच्या शेजारी दोन झाकणं आणि पाठीवरचा फवारणीचा पंप. माझ्या कृषी केंद्राच्या वेबसाइटवरच्या पानाचा हा कच्चा नमुना. शकीलभाईंनी काढलेलं. ते गेल्या हिवाळ्यात वारले. कागद फाडायला हात उचलला होता, पण फाडला नाही. माळा अर्धा तसाच ठेवला आणि गल्ल्यावर येऊन लिहायला बसले.

शकीलभाई कुठलंही काम पुरं झालं म्हणायच्या आधी दहा पावलं मागे जात. पहिल्यांदा ते माझ्या दुकानाचं शटर रंगवायला आले, तेव्हा अक्षरं पुरी झाल्यावर मला म्हणाले, "ताई, दहा पावलं मांगं जा आन् मंग वाचा."

"इथून दिसतंय की नीट."

"जवळून त सर्वच चांगलं दिसते."

मी पावलं मोजत मागे गेले. दहाव्या पावलाला रस्त्याच्या मधोमध होते आणि पाठीमागे एसटी कचकन थांबली. ड्रायव्हर काय बोलला ते इथे लिहीत नाही. शकीलभाई मात्र शिडीवरून विचारत होते, "वाचता आलं का?" वाचता आलं होतं.

कापसाचं बीटी बियाणं नवं नवं आलं, त्या वर्षांत त्यांना जेवायला फुरसत नव्हती. चिखलीपासून उंद्रीपर्यंत रस्त्याकडेच्या एकेका भिंतीवर त्यांनी बियाण्याच्या जाहिराती रंगवल्या. कंपनीचा माणूस नमुना द्यायचा, त्यात कापसाचं बोंड नारळाएवढं असायचं. शकीलभाई ते तसंच काढायचे. पुढे खऱ्या बोंडांत गुलाबी अळी निघायला लागली, तेव्हा लोक त्यांना रस्त्यात अडवून विचारत, "काऊन बे शकील, तुह्या बोंडाले कधी अळी नाही लागत?" ते म्हणत, "मी रंगात औषध मिसळतो ना!" सगळ्यांबरोबर स्वतःही हसत. पण दुकानात एकटे असले की म्हणत, "ताई, त्या भिंती पाहून लोकायनं बियाणं नेलं. अक्षर माह्यं होतं."

मग फ्लेक्स आले आणि भिंतींचं काम बसलं. चाळिशी उलटलेला हा माणूस मुलीच्या, नाजनीनच्या, कॉम्प्युटर क्लासच्या वह्या वाचून वेबसाइट करायला शिकला. टायरच्या दुकानावर खोली घेतली. खोली आठ पावलांची होती. स्टुलावर लॅपटॉप ठेवायचा, मागे मागे जायचं आणि शेवटची दोन पावलं बाहेरच्या गॅलरीत टाकायची, हा त्यांचा नेम. गिऱ्हाइकालाही तसंच न्यायचे. गिऱ्हाइकाला ते 'पार्टी' म्हणत, भिंतीच्या काळापासूनचा शब्द.

पार्ट्या एकापेक्षा एक होत्या. एका मंगल कार्यालयाच्या मालकाला वेबसाइट उघडली की सनई वाजायला हवी होती. शकीलभाईंनी समजावलं, "मानूस हापिसात बसून तारीख पाहीन आन् एकदम सनई वाजन. तो घाबरून बंद करन." मालक ऐकेना. शेवटी सनईला वेगळं बटण दिलं. एका बँडपार्टीला प्रत्येक वादकाचा फोटो सारखाच मोठा हवा होता, नाहीतर ट्रम्पेटवाला सोडून जाणार होता. एका जिनिंगवाल्याला वडिलांच्या फोटोचा हार हलता हवा होता. हार त्यांनी हलवून दिला. "हार हालला त हालू दे," ते म्हणत, "फोन नंबर हालू नाही." प्रत्येक पान आधी वर्तमानपत्रावर ब्रशनं काढायचं आणि मगच कॉम्प्युटरला हात लावायचा. मी विचारलं, आता कशाला ब्रश? तर म्हणाले, "माउसनं चूक पुसता येते ना, म्हून मानूस विचार करत नाही."

माझं काम मी त्यांना दिलं ते गुलाबी अळीनं हैदोस घातलेल्या वर्षी. बीटीला फवारणी लागत नाही असं ऐकलेले लोक आठवड्याला फवारत होते. फवारणारे बहुतेक रोजानं लावलेले, वाचता न येणारे. पहाटेपासून माझा फोन वाजायचा. "ताई, पंपाले किती झाकन?" सगळे झाकणातच विचारत. मला वाटलं, मोबाईलवर उघडेल असं एक पान करावं, त्यात चित्रानं सांगावं, म्हणजे माझा घसा वाचेल. हंगाम अर्धा सरत आला होता, मला घाई होती.

शकीलभाईंनी वर्तमानपत्र पसरलं, बाटली काढली आणि ब्रश थांबवला.

"ताई, झाकन सर्व बाटल्यांचं एकच असते का?"

मी गिऱ्हाइकाला पिशवी बांधून देत होते. "एकच असतं हो. तुम्ही काढा."

मी कृषी पदविका घेतलेली बाई. परवाना माझ्या नावावर, भिंतीवर फ्रेममध्ये. माप मिलिलिटरमध्येच द्यायचं असतं हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. त्यांनी विचारलं आणि मी मान वर न करता उत्तर दिलं. त्यांनी दोन झाकणं काढली.

दोन आठवड्यांनी तेच औषध मोठ्या बाटलीत आलं. झाकण जवळजवळ दुप्पट. मीच खोकी फोडून फळीवर लावली, मीच विकली, आणि ते पान माझ्या डोक्यातही आलं नाही.

सप्टेंबरातल्या एका दुपारी, बाराच्या सुमारास, उंद्रीहून सोपानचा भाऊ फोनवर ओरडत होता. सोपान रोजानं फवारणी करणारा. कापूस डोक्याएवढा वाढलेला, त्यात सकाळपासून शिरून फवारत होता. उलट्या झाल्या, समोरचं दिसेनासं झालं. त्याला बुलढाण्याला नेत होते. "तुमच्या मोबाईलच्या फोटोत पाहून दोन झाकनं टाकले त्यानं!" भाऊ म्हणाला. मी विचारलं, कोणती बाटली? त्यानं सांगितलं. आधी दवाखान्यात फोन लावून औषधाचं नाव आणि त्यातला घटक सांगितला, मग शकीलभाईंना.

ते अर्ध्या तासात आले. तोवर त्यांनी पान बंद केलं होतं.

"आता काही धोका नाही ना?" मी म्हटलं.

"पान बंद केलं, ताई. पन लोकायनं फोटो काढून ठेवले ना. एकमेकाले पाठवले. ते कसे बंद करू? उद्या सकाळी पुन्हा सर्व फवारतीन."

मी बिलबुक काढलं आणि मोठी बाटली नेलेल्यांना एकेक फोन लावायला बसले. निम्मे उचलतच नव्हते. घरात एक फोन, तो फवारणाऱ्याच्या खिशात आणि तो रानात. तेवढ्यात सोपानचा दुसरा भाऊ आला, गावातले चौघे आले, पाठोपाठ तालुक्याचे कृषी अधिकारीही आले. भावानं मोबाईल माझ्यासमोर धरला. "हे माप कोनं सांगतलं?"

अधिकाऱ्यांनी फ्रेममधल्या परवान्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

मी तोंड उघडायच्या आत शकीलभाई बोलले, "ताईनं बराबर माप देल्लं होतं, एमएलमध्ये. लोकायले वाचता येत नाही म्हून मी माह्या डोक्यानं झाकन काढलं. चूक माही हाये."

भावानं त्यांची कॉलर धरली. "तू रंगारी, तुले औषधातलं काय समजते बे?"

"काही नाही समजत," शकीलभाई म्हणाले. "मले मारायचं त उद्या मार. आज मले तिकडच्या भिंती पाह्यजेत."

एक वाक्य पुरलं असतं, आणि मी ते बोलले नाही.

त्यानंतर तीन वाजल्यापासून अंधार पडेपर्यंतचा वेळ मला मिनिटामिनिटानं आठवतो. ते खोलीवरून जुने रंगाचे डबे घेऊन आले. मी दुकानातली मोजमापाची होती नव्हती तेवढी प्लॅस्टिकची भांडी पिशवीत भरली आणि त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसले. जाहिरातींच्या भिंती त्यांना पाठ होत्या. गावात शिरताना पहिली कोणती दिसते, पाण्याच्या टाकीजवळ कोणती, रानाकडे जाणारी माणसं कोणत्या भिंतीवरून जातात. त्या भिंतींवर त्यांनीच काढलेली नारळाएवढी बोंडं अजून होती. शकीलभाईंनी त्या बोंडांवर सरळ चुना मारला.

मी म्हटलं, "मोठ्यानं लिहा, झाकणानं मोजू नका."

"नाही ताई. भिंतीवर 'नका' लिहायचं नाही. वाचनारा घाईत असते, शेवटपर्यंत जात नाही. काय करायचं ते काढा." आणि त्यांनी माझ्या पिशवीतलं भांडं काढलं, बोंडाच्या जागी, बोंडाएवढंच. आत औषधाची रेघ, शेजारी पंप. खाली दोनच शब्द: मापानं मोजा. मग दहा पावलं मागे. एका भिंतीला अक्षर बारीक वाटलं तर घाईतही पुन्हा केलं. मी ओरडले, "अहो, दिवस मावळतोय!" ते म्हणाले, "दिसलं नाही त काढून काय फायदा?"

ते रंगवत होते तोवर मी घरोघरी भांडी देत फिरले, मोबाईलमधलं जुनं चित्र समोर उभी राहून पुसायला लावलं. चार गावं झाली. शेवटची भिंत उंद्रीच्या वेशीवरची. दुसऱ्या दिवशी त्या गावांतून दवाखान्यात कुणी गेलं नाही.

सोपान आठव्या दिवशी घरी आला. जगला. नजर मात्र पूर्वीसारखी झाली नाही, फवारणी कायमची सुटली. मला फक्त ताकीद मिळाली. दुकान चालू राहिलं. शकीलभाईंच्या पार्ट्या मात्र एकेक करून गळाल्या. 'माणूस मारणारी वेबसाइट' असं चिखलीत बोललं जायचं. माणूस मेला नव्हता, पण बोलणाऱ्यांना त्याचं काय! मंगल कार्यालयवाला गेला, जिनिंगवाला गेला. बँडपार्टी तेवढी राहिली. शकीलभाई पुन्हा दुकानांच्या पाट्या रंगवू लागले आणि वेबसाइटची कामं नाजनीन स्वतःच्या नावानं घेऊ लागली.

मी एकदाच विषय काढला. ते माझ्याच दुकानाची पाटी रंगवत होते. "तुम्ही खोटं का बोललात?"

"तुमचं लायसन गेलं असतं त लोक माप कोनाले विचारतीन? मले भिंती हायेत."

"मी खरं सांगू का आता?"

त्यांनी ब्रश डब्याच्या कडेला निथळला. "ते तुमचं तुमी पाहा, ताई." आणि मागे मागे जाऊन पाटी वाचायला लागले.

मी सांगितलं नाही. तेव्हापासून माझ्या दुकानातली एकही बाटली मोजमापाच्या भांड्याशिवाय बाहेर जात नाही, रबरानं बांधूनच देते. ते काम चांगलं आहे, पण त्यानं त्यांचं नाव धुतलं जात नाही, हे मला कळत होतं. हिवाळ्यात ते गेले तेव्हा मयतीला सोपानच्या घरचं कुणी आलं नव्हतं. का आलं नाही हे तिथे एकट्या मलाच पुरतं माहीत होतं.

आज तो कागद हातात आला. कडेला ब्रशनंच बारीक अक्षरात लिहिलेलं आहे: 'झाकण सारखंच – ताईनं सांगितलं.' कामाची टीप. पार्टी जे सांगेल ते कडेला लिहून ठेवायची त्यांची सवय होती. पान पुरं झाल्यावर हा कागद त्यांनीच माझ्या माळ्यावर ठेवला होता; कॉलर धरली गेली तेव्हा तो तिथेच होता आणि ते त्यांना माहीत होतं.

१० जुलै. सकाळी पहिल्या गाडीनं उंद्रीला गेले. नाजनीनकडून रंगाचा डबा आणि ब्रश घेतला होता, कागद पिशवीत होता. सोपान ओट्यावर बसला होता. मी बसले नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं आणि कागद त्याच्या भावासमोर धरला. त्यानं कडेचं वाचून दाखवलं.

मग सोपान म्हणाला, "मंग तवा काऊन नाही सांगतलं?"

"दुकान गेलं असतं."

"आन् त्याचं नाही गेलं?"

मी डबा आणि ब्रश उचलून वेशीवर गेले. भिंतीवरचं भांडं पावसानं फिकं पडलं होतं, औषधाची रेघ दिसेनाशी झाली होती. शिडी नव्हती, शेजारून लोखंडी पिंप मागून त्यावर चढले आणि जुन्या रेघेवरून ब्रश फिरवायला लागले. भांडं डावीकडे कललं. मागे कुणाचीतरी चाहूल लागली. सोपान काठी टेकत आला होता आणि पावलं मोजत मागे मागे जात होता. दहाव्या पावलाला थांबला, डोळे बारीक केले.

"वाकडं हाये," तो म्हणाला. "पन दिसते. मले दिसलं म्हंजे सर्वायले दिसन."

मी खाली उतरले, ब्रश धुतला आणि साडेदहाला दुकान उघडलं.